ट्रँगल फॅक्टरी, इटालियन बायका आणि युनियन: त्या खरंच 'गप्प' होत्या का?

रेवा_जर्सी

नमस्कार मंडळी, थोडा वेगळा विषय आहे पण इथे इतिहासवाले आणि कामगार चळवळीत रस असणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

न्यूयॉर्कला वॉशिंग्टन स्क्वेअरच्या बाजूला एनवाययूची (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीची) ब्राऊन बिल्डिंग आहे, माझ्या ऑफिसपासून जवळच. ही पूर्वीची ॲश बिल्डिंग. हिच्याच आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर ट्रँगल शर्टवेस्ट कंपनी होती (शर्टवेस्ट म्हणजे तेव्हाच्या नोकरदार बायका घालायच्या तो शर्टासारखा ब्लाऊज) आणि २५ मार्च १९११ ला तिथे आग लागून १४६ जण गेले, त्यातल्या १२३ बायका आणि मुली. २०२३ च्या ऑक्टोबरमधे तिथे स्मारक झालंय. वर स्टीलच्या पट्टीत आरपार कापलेली नावं आणि खाली कमरेच्या उंचीवर काळी चकचकीत पट्टी, तिच्यात वरच्या नावांचं प्रतिबिंब दिसतं. मजकूर इंग्लिश, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांत आहे.

तर त्या नावांत ज्यू नावांच्या बरोबरीने इटालियन नावं इतकी आहेत की मी घरी येऊन वाचायला लागले. आणि वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. आगीच्या आधी १९०९ मधे न्यूयॉर्कच्या शर्टवेस्ट कामगार मुलींचा प्रचंड संप झाला, वीस हजारांचा उठाव म्हणतात त्याला. त्याच्याबद्दल जिथे तिथे हेच लिहिलेलं की ज्यू मुली लढल्या आणि इटालियन मुली कामावर जात राहिल्या, कारण बाप-भावांच्या धाकात होत्या, घराबाहेर एकटं जायची परवानगी नव्हती, चर्चला मानणाऱ्या होत्या वगैरे. ऑफिसमधल्या एका इटालियन-अमेरिकन मैत्रिणीला विचारलं तर ती पण म्हणाली की आमची पणजी घरी बसून पँटी शिवायची, ती काही युनियनवाली नव्हती, आमच्याकडे फॅमिली फर्स्ट.

मग पुढे तीसच्या दशकात इटालियन बायकांची हजारोंची युनियन होती असंही वाचलं. हे कसं काय? वीस-पंचवीस वर्षांत घरातली माणसं बदलली का? की पहिली गोष्टच अर्धवट सांगितलीये? कुटुंब हे त्यांच्या पायातली बेडी होतं की आणखी काही होतं, हे मला समजून घ्यायचंय. कोणी नीट अभ्यास केला असेल तर प्लीज सविस्तर लिहा, घाई नाहीये.

धावदोरा

रेवा, हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे लांबलचक होणार.

आधी हे बघू की 'गप्प, आज्ञाधारक, बापाच्या मुठीतल्या' असं कोण म्हणत होतं. १९०९ च्या संपाचे संघटक म्हणजे बहुतेक ज्यू समाजवादी पुरुष आणि त्यांच्या जोडीला विमेन्स ट्रेड युनियन लीगच्या शिकल्यासवरल्या, बऱ्याचदा खात्यापित्या घरच्या बायका. २२ नोव्हेंबर १९०९ ला कूपर युनियनच्या हॉलमधे ती गाजलेली सभा झाली, पुढाऱ्यांची भाषणं ऐकून कंटाळलेली तेवीस वर्षांची क्लारा लेमलिच उठली आणि आता बोलणं पुरे, संप करा म्हणाली, ती यिडिशमधे. सभा, चर्चा, पत्रकं सगळं मुख्यतः यिडिशमधे. तिथे सिसिलीहून आलेल्या मुलीने जाऊन काय ऐकायचं? तिला तर पुस्तकी इटालियन पण धड यायचं नाही, ती घरी सिसिलियन बोलणार. संप सुरू झाल्यावर मग लीगने आर्तुरो कारोती नावाचा इटालियन संघटक नेमला, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली. त्यात मालक लोक मशीनवर मुद्दाम एक ज्यू एक इटालियन अशा मुली बसवायचे, शेजारणी शेजारणींनी बोलूच नये म्हणून. आणि इतकं असूनही त्या वेळच्या एका अंदाजाप्रमाणे दोनेक हजार इटालियन बायका त्या संपात होत्या. शर्टवेस्टच्या धंद्यात त्यांचं प्रमाण बघता हा आकडा कमीच आहे, मान्य, पण 'नव्हत्याच' म्हणणं खोटं आहे.

आता कुटुंब. इथे जरा मागे जाऊन त्या आल्या कुठून ते बघायला पाहिजे.

१८८० ते १९२० या काळात साधारण चाळीस लाख इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेकडचे, सिसिली, कालाब्रिया, नेपल्सकडचे. आधी पुरुष यायचे, रेल्वे, बांधकाम, सबवेचे बोगदे असली कामं करून पैसे पाठवायचे, काही परत जायचे, काही वर्षानुवर्षं जायचेच नाहीत. गावाकडे मागे राहिलेल्या बायकांना लोक 'पांढऱ्या विधवा' म्हणायचे, नवरा जिवंत पण घरात नाही. शेत, देणंघेणं, सावकार, पोरांची लग्नं सगळं या बायकांनी निभावलं. ज्यांना आपण घरकोंबड्या समजतो त्या अशा घरातून आलेल्या होत्या. आणि सिसिलीत १८९१ ते १८९४ मधे शेतमजूर, खाणकामगार यांचं मोठं आंदोलन झालं, फाशी सिचिलियानी नावाचं (पुढच्या फॅसिस्ट पक्षाशी याचा संबंध नाही, फाशो म्हणजे जुडी, एकत्र बांधलेली माणसं). त्यात पियाना देई ग्रेची सारख्या गावांत बायका शेकड्यांनी होत्या, मोर्चात पुढे असायच्या. जानेवारी १८९४ मधे क्रिस्पी सरकारने लष्कर घालून ते मोडलं, लोकांना तुरुंगात टाकलं, आणि त्यानंतर बोटी भरभरून माणसं अमेरिकेला निघाली. तेव्हा संप म्हणजे काय, जमीनदारापुढे उभं राहायचं म्हणजे काय हे बऱ्याच जणींनी आईच्या कडेवर असतानाच बघितलेलं होतं.

न्यूयॉर्कला आल्यावर चाळीतलं (टेनेमेंट) घर, मलबेरी स्ट्रीट, एलिझाबेथ स्ट्रीट, थॉम्पसन, मॅकडुगल, वर ईस्ट हार्लेम. बापाची मजुरी हंगामी, हिवाळ्यात बांधकाम बंद की घरात पैसा बंद. मग मुलगी फॅक्टरीत, आई घरी तुरपाईचं काम, लहान पोरं आईच्या हाताखाली. मुलगी पगाराचं पाकीट न उघडता आईच्या हातात द्यायची. नीट लक्षात घ्या, आईच्या. तिजोरी आईकडे असायची, कुणाला बूट घ्यायचे, भाडं कधी द्यायचं, गावाकडे किती पाठवायचं ते ती ठरवायची.

म्हणून एकट्या अठरा वर्षांच्या मुलीने सभेत हात वर करून 'मी संपावर' म्हणणं हे तिच्या घरात शक्यच नव्हतं. तो पगार तिचा एकटीचा नव्हता, पाच-सात पोटांचा होता. युनियनवाले मुलीला एकटं गाठायचे, ती गप्प बसायची, आणि ते लिहून ठेवायचे की ही मुलगी मागासलेली आहे. पण आईने जर ठरवलं की हा संप करायचा तर मग मुलगी, तिची बहीण, मावसबहीण, शेजारची कोमारे (पोराच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता झालेली बाई, नात्यापेक्षा जवळची) अशी सगळी रांग बाहेर पडायची आणि बाहेर पडली की मोडायची नाही. कारण एकाच फॅक्टरीत एका गावाच्या, एका घराच्या चार-चार बायका असायच्या, कामाला लावलेलंच मुळी एकमेकींनी. माझं स्पष्ट मत आहे की कुटुंब हे बंधन होतं आणि तोच त्यांचा संघटनेचा रस्ताही होता, आणि १९०९ च्या संघटकांना तो रस्ता स्वयंपाकघरातून जातो हे दिसलंच नाही.

१९१९ च्या संपाचं नंतर लिहिते, हात दुखायला लागले.

नीता_लालबाग

फार छान माहिती धावदोरा. घरच्या कामाबद्दल अजून वाचायला आवडेल कारण मी ते स्वतः बघत मोठी झालेय. आमच्या चाळीत आई आणि शेजारच्या दोघी धागाकटिंग आणि काजबटणाचं काम घरी आणायच्या, ठेकेदाराचा माणूस गाठोडं टाकून जायचा आणि नगावर पैसे, एक नग खराब निघाला की कापणार. शाळेतून आलो की आम्ही पण बसायचो कातरी घेऊन.

लुईस हाईन नावाच्या फोटोग्राफरने १९०८ पासून पुढे न्यूयॉर्कच्या चाळींमधे जाऊन काढलेले फोटो मी बघितलेत, नॅशनल चाईल्ड लेबर कमिटीसाठी काढलेले. बघत बसवत नाही आणि उठवतही नाही. स्वयंपाकघरातलं टेबल, त्याच्यावर पँटींचा ढीग, आई खिडकीशी बसलेली कारण उजेड तिथेच, कमरेला अस्तर हाताने तुरपतेय, आणि पाच-सहा वर्षांची पोरगी शेजारी बसून कच्चे टाके उसवतेय. कच्चे टाके उसवणं हे काम पोरांना का देतात हे शिवणवालीला लगेच कळेल, त्याला सुई लागत नाही, नजर आणि बारीक बोटं लागतात आणि चुकलं तरी कापड जात नाही. दुसऱ्या फोटोंत कागदी-कापडी फुलं करणारी कुटुंबं आहेत, टोप्यांवर लावायची फुलं, आजी, आई, पोरं सगळी एका टेबलाभोवती, पाकळ्या चिकटवतायत. आणि एक बाई डोक्यावर कपड्यांचं एवढं मोठं गाठोडं घेऊन भर मॅनहॅटनच्या रस्त्यावरून चाललीये, आमच्याकडे कोळणी पाटी घेऊन चालतात त्याच ऐटीत, मान अगदी ताठ.

हे तुरपाईचं काम जवळजवळ सगळं इटालियन बायकांच्या हातात होतं म्हणतात. ज्यू घरांत लग्न झालेल्या बायका पोटभाडेकरू ठेवून पैसे मिळवायच्या आणि इटालियन घरांत तुरपाई, असा साधारण फरक होता असं वाचल्याचं आठवतंय.

माझा प्रश्न असा की युनियन तर घरकामाच्या (म्हणजे असं घरी आणून केलेल्या कामाच्या) विरुद्ध होती ना? घरी स्वस्तात काम होतंय म्हणून फॅक्टरीचे दर पडतात हे युनियनचं म्हणणं, आणि ते बरोबरही आहे. पण ज्या बाईचं तान्हं पोर आहे तिला ते काम बंद करा म्हणून सांगणारी संघटना आपली कशी वाटणार? माझ्या आईला कोणी असं सांगितलं असतं तर तिने दार लावून घेतलं असतं.

बॉस्टनकर_अ

चर्चा चांगली चाललीये पण मला थोडा वेगळा सूर लावायचाय. धावदोरा, तुमचं म्हणणं पटतं पण कुटुंबाला फार गोड करू नका. काही संप इटालियन मुलींना पुढे करून मोडले गेले हे खरं आहे. बाप किंवा भाऊ मुलीला सकाळी फॅक्टरीच्या दारापर्यंत सोडायचा आणि संध्याकाळी न्यायला उभा असायचा, हे प्रेम पण होतं आणि पहारा पण होता. रात्रीच्या सभेला जाणाऱ्या मुलीच्या लग्नाचं काय होणार ही भीती खरी होती. घरात पैसा आईच्या हातात असला तरी भाऊ आपल्या पगारातले काही पैसे खिशात ठेवू शकायचा, बहीण नाही. ज्या मुली युनियनमधे गेल्या त्यातल्या कित्येकींना घरी भांडूनच जावं लागलं. तो झगडा पुसून टाकला तर त्या मुलींवर अन्याय होतो.

नीताताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते असं की घरकामाच्या बाबतीत युनियन आणि या बायका यांचं कधीच नीट जुळलं नाही. युनियनला ते काम बंद करायचं होतं, ते करणाऱ्या बाईला सभासद करून घ्यायचं नव्हतं.

मी मॅसॅच्युसेट्समधे राहतो म्हणून लॉरेन्सचं उदाहरण देतो, तयार कपड्यांचं नाही, लोकरीच्या गिरण्यांचं, पण बायका त्याच. १९१२ च्या जानेवारीत कायद्याने आठवड्याचे तास ५६ चे ५४ केले आणि मालकांनी तेवढा पगार कापला, सुमारे ३२ सेंट. पोलिश बायकांनी ११ तारखेला काम सोडलं, दुसऱ्या दिवशी इटालियन कामगार बाहेर पडले आणि संप पसरला. हाच तो पुढे 'ब्रेड अँड रोझेस' नावाने ओळखला गेलेला. ॲना लोपित्सो नावाची इटालियन कामगार बाई गोळी लागून मेली. संपकऱ्यांनी आपली पोरं न्यूयॉर्कला दुसऱ्या कामगारांच्या घरी राहायला पाठवली, आणि २४ फेब्रुवारीला स्टेशनवर पोलिसांनी आयांना आणि पोरांना मारहाण केली तेव्हा देशभर आरडाओरडा झाला. कुटुंबच्या कुटुंब संपात उतरलं म्हणजे काय ते इथे दिसतं, या बाबतीत मी धावदोरांशी सहमत.

पण त्याच लॉरेन्समधली कॅमेला तेओली बघा. मार्च १९१२ मधे वॉशिंग्टनला काँग्रेसच्या समितीपुढे या पोरीने साक्ष दिली. तिने सांगितलं की एक माणूस घरी आला, बापाला म्हणाला पोरगी कामाला का नाही पाठवत, चार डॉलर द्या, ती चौदा वर्षांची आहे असे कागद मी आणून देतो. बापाने दिले. तेरा पूर्ण झालेली पोरगी गिरणीत लागली आणि थोड्याच दिवसांत मशीनमधे केस अडकून डोक्याची कातडी सोलून निघाली, सात महिने हॉस्पिटलात. कंपनीने हॉस्पिटलचं बिल दिलं, पगार नाही. प्रेसिडेंट टाफ्टची बायको ती साक्ष ऐकायला बसली होती, सगळ्या पेपरांत बातमी आली.

आणि मग काय झालं तर काहीच नाही. पुढे सत्तरच्या दशकात एक पत्रकार लॉरेन्सला गेला, कॅमेला तोवर वारलेली, तिच्या मुलीला भेटला. आईच्या डोक्यावर टक्कल पडलेली जागा आहे हे मुलीला माहीत होतं, ती जागा झाकायला अंबाडा घालायला ती आईला रोज मदत करायची. पण आईने संप केला, वॉशिंग्टनला जाऊन साक्ष दिली, हे तिला त्या पत्रकाराकडून पहिल्यांदा कळलं. म्हणून रेवा, तुमची मैत्रीण म्हणतेय की पणजी युनियनवाली नव्हती, तर ते खरंही असेल किंवा पणजीने सांगितलंच नसेल. या घरांत असल्या गोष्टी बोलत नसत. 'लाल' (कम्युनिस्ट) म्हणून ठपका बसायची, परत पाठवून देण्याची भीती होती, १९१९-२० मधे सरकारने डाव्यांची धरपकड केली त्यानंतर तर फारच.

रेवा_जर्सी

बापरे. कॅमेलाचं वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही. सगळ्यांना मनापासून थँक्यू, अजून लिहा.

धावदोरा, १९०९ पासून १९१९ पर्यंत नेमकं काय बदललं? आगीमुळे बदललं का? आणि त्या स्मारकावर माल्तीज आडनावाच्या तीन बायका आहेत, त्या एकाच घरातल्या का?

धावदोरा

हो रेवा, एकाच घरातल्या. कातेरिना माल्तीज, ३९ वर्षांची आई, आणि तिच्या दोन मुली, लुचिया वीस वर्षांची आणि रोझारिया चौदा वर्षांची. सेकंड ॲव्हेन्यूवर राहायच्या. तिघी नवव्या मजल्यावर.  आगीत गेलेल्यांपैकी सहा जणांची तर ओळखच पटली नव्हती, त्यांना ब्रुकलिनच्या एव्हरग्रीन्स दफनभूमीत अनोळखी म्हणून पुरलं, आणि त्यांची नावं शंभर वर्षांनी, २०११ मधे, संशोधनातून पक्की झाली. मी वर लिहिलं ना की एका फॅक्टरीत एका घरच्या बायका असायच्या, त्याची ही दुसरी बाजू. एका दुपारी घरातल्या सगळ्या बायका गेल्या.

शनिवार होता, सुटायची वेळ, पावणेपाच वाजत आलेले. नवव्या मजल्यावर वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूचं दार कुलूपबंद होतं, कारण सुटताना सगळ्यांनी दुसऱ्या दाराने जायचं आणि तिथे पर्स उघडून दाखवायची, कापडाचा तुकडा, लेस चोरलीये का बघायला. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला. फायर ब्रिगेडची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली. जोसेफ झीतो आणि गास्पर मोर्तिलारो हे दोघे लिफ्टवाले, दोघेही इटालियन, जमेल तेवढ्या फेऱ्या मारत राहिले, त्यांच्यामुळे कितीतरी जणी वाचल्या. मालक ब्लँक आणि हॅरिस यांच्यावर खटला झाला, डिसेंबर १९११ मधे दोघेही निर्दोष सुटले, आणि पुढे दिवाणी दाव्यांत १९१४ ला एका जीवामागे ७५ डॉलरवर तडजोड झाली. आणि याच कंपनीतल्या मुलींनी १९०९ मधे संप केला होता, वीस हजारांच्या उठावाची सुरुवातच ज्या दोन-तीन फॅक्टऱ्यांतून झाली त्यात ट्रँगल होती. मालकांनी युनियन मान्य केली नाही. हे लिहिताना आजही मला संताप येतो.

आगीमुळे बदललं का? काही अंशी हो. पण नुसत्या दुःखाने युनियन बनत नाही. बदललं ते संघटन करायचं तंत्र, आणि ते बदललं इटालियन बायकांनी स्वतः. १९१३ मधे ड्रेस आणि वेस्टच्या (म्हणजे शर्टवेस्टच्याच) धंद्यात परत संप झाला तेव्हा त्या हजारोंनी होत्या, चार वर्षांत एवढा फरक. तोवर स्वतः मशीनवर बसलेल्या इटालियन मुली संघटक व्हायला लागल्या होत्या. त्या हॉलमधे सभा लावून वाट बघत बसायच्या नाहीत, संध्याकाळी घरी जायच्या. आईशी बोलायच्या, आईच्या गावाकडच्या बोलीत. कॉफी प्यायच्या, पोरांची चौकशी करायच्या, मग पगाराचं, तासांचं, फोरमनच्या वागण्याचं बोलणं काढायच्या. बापाला वाटायचं ही आपल्याच माणसातली पोरगी आहे. फोरमन मुलींना हात लावतो, घाणेरडं बोलतो ही तक्रार तर थेट घराच्या इभ्रतीची होती. ज्या इभ्रतीपायी बाप मुलीला सभेला पाठवत नव्हता त्याच इभ्रतीपायी तिला संपावर पाठवायला तयार व्हायचा.

एक नाव जरूर लक्षात ठेवा, अँजेला बंबाचे. १८९८ चा जन्म, ब्राझीलमधल्या सांतोसचा, वाढली ईस्ट हार्लेममधे. ती आणि तिची बहीण मारिया दोघी शर्टवेस्टच्या कारखान्यात, दोघी १९१९ च्या संपात संघटक. घरोघरी जायच्या, इटालियन बायकांना तयार करायच्या. आणि त्यांची आई जुझेप्पिना त्यांच्यासोबत जायची, हातात लाटणं घेऊन, पोरींना कुणी हात लावला तर बघून घेईन म्हणून. बॉस्टनकर म्हणतात तो पहारा इथेही आहेच, पण तो कुणाच्या बाजूने उभा राहिला ते बघा.

त्या १९१९ च्या संपाने ४४ तासांचा आठवडा मिळाला आणि त्याच वर्षी इटालियन ड्रेसमेकर्सची स्वतंत्र लोकल (युनियनची शाखा) झाली, आयएलजीडब्ल्यूयूची (इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन, बायकांचे कपडे शिवणाऱ्यांची युनियन) लोकल ८९. नंबर मागून घेतलेला, १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीची आठवण म्हणून. (कोटवाल्या इटालियन कामगारांची लोकल ४८ आधीच होती, १९१६ पासून.) आता सभा इटालियनमधे, पत्रकं इटालियनमधे, 'जुस्तित्सिया' नावाचं पत्र. पुढे विसाच्या दशकात युनियन आपापसातल्या भांडणांनी खिळखिळी झाली, मग मंदी. आणि मग १६ ऑगस्ट १९३३ ला साठेक हजार ड्रेसमेकर एकदम बाहेर पडले, आणि त्यानंतर लोकल ८९ चाळीस हजारांच्या घरात गेली, देशातल्या सगळ्यात मोठ्या लोकलपैकी एक. रेडिओवर तिचा स्वतःचा कार्यक्रम होता, ऑपेरा, गाणी आणि मधे युनियनचं भाषण, शिवणारी बाई घरी स्वयंपाक करता करता ऐकणार.

आणि बॉस्टनकरांचा मुद्दा इथे मी स्वतःच पुढे नेते. या लोकलच्या सभासद बहुतेक बायका, पण प्रमुख कित्येक दशकं लुइजी अँतोनिनी, आणि वरच्या खुर्च्यांत बहुतेक पुरुषच. बायका घरोघरी फिरल्या, वर्गणी गोळा केली, पिकेट लाईनवर (फॅक्टरीच्या दारावरच्या संपकऱ्यांच्या रांगेत) मार खाल्ला, तुरुंगात गेल्या आणि भाषणं पुरुषांनी केली. अँजेलाला त्याची वेगळी किंमत पण द्यावी लागली, नवऱ्याशी पटेना, वेगळी झाली, आणि कोर्टाने दोन्ही मुलगे बापाकडे दिले कारण आई चळवळीत. ती थांबली नाही, तीसच्या दशकात बाल्टिमोरला जाऊन तिथल्या बायकांची लोकल उभी केली, आणि १९५६ मधे अख्ख्या आयएलजीडब्ल्यूयूची उपाध्यक्ष झाली, त्या पदावर बसलेली पहिली इटालियन-अमेरिकन बाई. कुटुंबाने तिला आई दिली लाटणं घेऊन सोबत चालणारी आणि कुटुंबानेच तिची पोरं काढून घेतली. दोन्ही एकाच बाईच्या आयुष्यात.

नीताताई, तुमचा प्रश्न मी टाळला नाहीये. घरच्या तुरपाईवाल्या बायका बहुतेक आकडेवारीत 'कामगार' म्हणून येतच नाहीत, आणि युनियनने त्यांना धरलं नाही यात बॉस्टनकर बरोबर आहेत. मला एवढंच म्हणायचंय की फॅक्टरीतली मुलगी आणि घरातली तुरपाईवाली ही एकाच टेबलाशी जेवणारी माणसं होती. संपात मुलीचा पगार बंद झाला की घर आईच्या तुरपाईवर चालायचं. पिकेट लाईनवरच्या मुलीच्या पोटात जे अन्न होतं ते त्या टेबलावरच्या पँटींनी मिळवलेलं होतं.

नीता_लालबाग

हे पटलं. आमच्याकडे ८२ च्या संपात गिरण्या बंद झाल्या तेव्हा बाबांच्या संपाचा सगळा भार आईच्या त्या गाठोड्यांवर आणि शेजारणींच्या डब्यांवर होता, आणि संपाच्या इतिहासात त्या कुठे येत नाहीत. अशा बायकांना संपकरी म्हणायला पाहिजे असं माझं ठाम म्हणणं आहे.

पुस्तकी_किडा

रेवा, वाचायला आणि ऐकायला बरंच काही फुकट आहे. कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या खील सेंटरमधे आयएलजीडब्ल्यूयूचं सगळं दप्तर आहे आणि ट्रँगल आगीची त्यांची वेगळी वेबसाईट आहे, तिच्यावर वाचलेल्या कामगारांच्या मुलाखती, खटल्याचे कागद आणि १४६ जणांची नावं, वय, पत्ता, दफनभूमी असं सगळं नीट लावलेलं आहे. लुईस हाईनचे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साईटवर आहेत. फोटोखाली त्याने स्वतः लिहिलेल्या नोंदी पण वाचा, घर कुठल्या रस्त्यावर, पोरगी किती वर्षांची, आठवड्याला किती मिळतात, किती वाजेपर्यंत काम चालतं हे तो घरच्यांना विचारून लिहायचा.

अजून एक. दरवर्षी २५ मार्चला न्यूयॉर्कमधे लोक त्या मुली जिथे राहायच्या त्या घरांसमोर जाऊन फुटपाथवर खडूने त्यांची नावं आणि वय लिहितात, २००४ पासून चालू आहे. कोणालाही भाग घेता येतो, एक नाव-पत्ता घ्यायचा आणि जायचं. तुमच्या मैत्रिणीला घेऊन जा, आणि तिच्या आजीच्या घरी जुनी पत्रं, युनियनचं कार्ड, पगाराची पाकिटं असलं काही ट्रंकेत पडलेलं असेल तर फेकू नका म्हणावं, खील सेंटरवाल्यांना आधी विचारा.